मोजणाऱ्याला मत नाही

ज्या शाळेत घंटा वाजवायची की नाही हेसुद्धा मतदानानं ठरतं, तिथं मत्सराला थारा नसेल असं ज्याला वाटतं, तो शिक्षकांच्या खोलीत कधी बसलेला नाही. मत्सराला मतदान लागत नाही. तो कुठंही बिनविरोध निवडून येतो.

आता बाईंचंच घ्या. बाई म्हणजे गणिताच्या बाई, पण 'गणिताच्या' असं कुणी म्हणत नसे. शाळा सुरू झाली तेव्हा शिकवायला माणसं दोनच होती, मोठे सर आणि बाई. मागाहून आलेले सगळे ताई झाले, दादा झाले. बाई मात्र एकच. शाळेचा एकूण एक नियम त्यांच्या नजरेखालून गेलेला. दर शुक्रवारी जेवणाच्या खोलीतली टेबलं भिंतीला सरकवून सभा भरायची, आणि तिथं सगळ्यात लहान गटातल्या पोरीपासून मोठ्या सरांपर्यंत, स्वयंपाकघरातल्या मावशींपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना एकेकच मत. कुणाला काय शिक्षा, सहल कुठं, नवा शिक्षक ठेवायचा की नाही, शाळेचा मुख्य कोण, सगळं सभेत. पहिल्या वर्षी पालक दारात येऊन भांडले होते. पोरांच्या हाती शाळा दिलीत तर उद्या म्हणतील रोज सुट्टी, असं त्यांचं म्हणणं. "म्हणू देत की," बाई म्हणाल्या होत्या. पोरांनी खरंच ठराव करून सुट्टी घेतली आणि थोड्याच दिवसांत कंटाळून ठराव करून परत आली. तेव्हापासून बाईंच्या शब्दाला त्या शाळेत वजन आलं ते आलंच.

मत द्यायची पद्धतही त्यांचीच. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि हात वर करायचा. उघड्या डोळ्यांनी मत दिलं की पोरं शेजाऱ्याचा हात बघून आपला हात वर करतात, आणि ज्याचा हात वर आला नाही त्याच्याशी महिनाभर कट्टी घेतात. डोळे उघडे फक्त मोजणाऱ्याचे. त्याच्या हातात खडू असायचा, आणि मोजून झालं की त्यानं फळ्यावर लिहायचं, 'झालं' किंवा 'नाही झालं'. आकडा सांगायचा नाही, कारण आकड्यानं जिंकणाऱ्याला माज येतो आणि हरणाऱ्याला लाज, असं मोठे सर म्हणत. बाईंनी त्यावर आणखी एक कडी लावली होती. ज्याच्या हातात खडू त्याला मत नाही, आणि त्याचं नावही कुठल्या जागेसाठी घ्यायचं नाही. मोजणाऱ्याचा कशातच जीव अडकलेला नको. पहिल्या सभेत खडू बाईंनी उचलला, आणि पुढं तो दुसऱ्या कुणाच्या हाती गेलाच नाही.

काकू या शाळेत आली ती बाईंमुळंच. काकू म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. जावा-जावांचा उभा दावा असतो असं जग म्हणतं. बाईंनी जगाला खोटं पाडायचं ठरवलं होतं. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा विज्ञानाची पदवी कपाटात ठेवून भांडी घासत होती. बाईंनी तिला हाताला धरून शाळेत नेलं, सभेत तिच्यासाठी बोलल्या, आणि फळ्यावर 'झालं' लिहिताना त्यांचा हात आनंदानं जरा जास्तच जोरात चालला. त्या वेळी खडू मोडला होता.

पहिल्याच आठवड्यात बाईंच्या लेकीनं व्हरांड्यात "काकू, थांब की!" अशी हाक मारली. लेकीच्या मैत्रिणींनी ती उचलली, मग मैत्रिणींच्या भावांनी, आणि बघता बघता ती सगळ्या शाळेची काकू झाली. पोरं तिला अगं-तुगं करायची. बाईंना मात्र अहो-जाहो. आधी बाईंना त्याचं कौतुक वाटलं. मग हसू आलं. मग हसू यायचं थांबलं.

एक मुलगा होता, अपूर्णांक म्हटलं की तो वही मिटून टाकायचा. बाईंनी त्याच्यासाठी कागद कापले, पट्ट्या रंगवल्या, मधल्या सुट्टीत त्याला समोर घेऊन बसल्या. पोरगा ढिम्म. आणि एके दिवशी तो प्रयोगशाळेतून धावत आला, हातात काचेची नळी, चेहरा उजळलेला. "बाई, काकूनं नळी पाऊण भरायला सांगितली ना, तेव्हा कळलं! एकदम सोप्पंय ते." बाई म्हणाल्या, "शाब्बास." आणि नंतर बराच वेळ त्या रंगवलेल्या पट्ट्या गोळा करत बसल्या. मशागत आपण करायची आणि पीक दुसऱ्यानं कापायचं, असं त्यांना वाटलं. पोरगं शिकलं याचा आनंद व्हायला हवा होता हेही कळत होतं, पण झाला नाही तो नाहीच.

तशात मोठ्या सरांनी सभेत सांगितलं की आता गुडघे ऐकत नाहीत, मुख्याच्या जागेसाठी दुसरं माणूस बघा.

"आता काय, तूच," बाईंचे यजमान घरी म्हणाले. दोघा भावांचं मिळून चष्म्याचं दुकान होतं, आणि शाळेविषयी त्यांचा एक ठरलेला विनोद होता. "डोळे मिटून कारभार करणारी तुमची शाळा. आमच्या धंद्याला मारक."

"माझ्या हातात खडू असतो," बाई म्हणाल्या.

"मग ठेव की खाली."

इतकं सोपं होतं. पण आपण होऊन खडू खाली ठेवणं म्हणजे 'मला हवंय' असं चारचौघांत सांगणं. बाईंना हवं होतं; मागून नको होतं. कुणीतरी उठेल, म्हणेल, "बाई, खडू ठेवा, आम्हाला तुमचं नाव घ्यायचंय," असं दृश्य त्यांनी मनात इतक्यांदा बघितलं होतं की त्यावर काय उत्तर द्यायचं तेही तयार होतं. आधी "अरे, मला कशाला" म्हणायचं. मग दोनदा आग्रह झाला की खडू ठेवायचा. केस विंचरताना आरशासमोर त्यांनी ते म्हणूनही बघितलं होतं.

त्या शुक्रवारी सभा चालवायला वकील होता. हा वरच्या गटातला मुलगा प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून नाव वकील. "मुख्यासाठी नावं सुचवा," तो म्हणाला. बाईंनी खडू या हातातून त्या हातात घेतला. एकदा तर टेबलाच्या कडेला ठेवलाही, पण कुणाचं लक्ष नाही बघून परत उचलला. मग मागच्या बाकावरून आवाज आला.

"काकू."

आवाज बाईंच्या लेकीचा होता.

सगळीकडे माना हलल्या. वकिलानं विचारलं, "आणखी कुणी?" त्याची नजर खोलीभर फिरली, बाईंवर आली, खडूवर आली आणि पुढं गेली. "मग एकच नाव. पुढच्या शुक्रवारी मत घेऊ. पाऊण सभेचे हात लागतील. मोजायला बाई आहेतच."

मोजायला बाई आहेतच. हे वाक्य बाई घरी घेऊन आल्या, आणि ते आठवडाभर त्यांच्याबरोबर जेवलं, झोपलं, उठलं. लेकीला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची? लेक तर आनंदात होती. सकाळी वेणी घालून घ्यायला खालच्या मजल्यावर काकूकडे गेली, ती तिकडूनच शाळेत.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दोघी जावा मागच्या ओट्यावर भांडी आवरत होत्या. धाकटी घासत होती, बाई पुसत होत्या.

"ताई, मी नाव मागं घेऊ का?" घरी ती बाईंना ताई म्हणायची.

"का गं? सगळ्यांना हवी आहेस की तू."

धाकटीनं पातेलं उलटं ठेवलं. "सगळी मतं मिळाली तरी तुमचं नसणारच ना," ती म्हणाली.

बाईंचा हात थांबला. मोजणाऱ्याला मत नाही, हा नियम मी केला आणि तो हिनं मला ऐकवावा? जखमेवर मीठ चोळायला ही वेळ बरी साधली, असं त्यांच्या मनात आलं. धाकटीचा चेहरा त्यांनी बघितला असता तर कदाचित वेगळं काही वाटलं असतं. पण त्यांनी ताटलीच पुसत ठेवली.

"नियम आहे," त्या म्हणाल्या.

"हो. नियम आहेच," धाकटी म्हणाली, आणि पुढचं भांडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी वकिलानं "डोळे मिटा" म्हटलं आणि शाळेनं डोळे मिटले. "काकूंना मुख्य करावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर." कपड्यांची सळसळ झाली. बाईंनी बघितलं. पहिला हात दिसला तो स्वयंपाकघरातल्या मावशींचा, कोपरापर्यंत ओला. मग मोठ्या सरांचा, थरथरणारा, पण वर. ज्या माणसाबरोबर त्यांनी ही शाळा उभी केली, त्याचा. आणि मग लेकीचा. लेकीनं एका हाताला दुसऱ्या हाताचा टेकू दिला होता आणि बाकावरून जवळजवळ उठून हात ताणला होता, सगळ्यांच्या हातांच्या वर.

त्यापुढं बाईंनी बघितलं नाही. त्यांनी सभेकडे पाठ केली आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मग फळ्यावर अक्षरं उमटली, 'नाही झालं'. हातानं लिहिलं, असं त्या नंतर स्वतःला सांगत राहिल्या. हात कुणाचा होता हे मात्र सांगायचं टाळत राहिल्या.

"डोळे उघडा," वकील म्हणाला.

सभेत अशी शांतता कधी पडली नव्हती. कुणी कुणाकडे बघेना. वकिलानं फळा वाचला, परत वाचला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. धक्का बसला असेल, बाईंना वाटलं. परत मोजा, असं कुणी म्हणालं नाही. बाईंच्या मोजणीला त्या शाळेत आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. सगळ्यात आधी उठली ती काकूच. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज साधा होता. "जागा रिकामी राहिली तर सगळ्यात जुन्या शिक्षकानं सांभाळायची, असा नियम आहे. म्हणजे बाईच." आणि तिनं टाळ्या वाजवल्या. तिच्यामागून चार-दोन टाळ्या पडल्या.

तर अशा रीतीनं बाई मुख्याच्या खोलीत बसल्या. खोली छोटी, खिडकीचा कट्टा रुंद. मोठ्या सरांच्या वेळी त्या कट्ट्यावर कायम कुणी ना कुणी पोर पाय हलवत बसलेलं असायचं, आपलं रडगाणं सांगत. आता पोरं दारातच उभी राहायची, "बाई, सही," म्हणायची आणि सही घेऊन सटकायची. कट्ट्यावर धूळ बसू लागली. त्या शाळेत मुख्याला हुकूम सोडायचा अधिकार नव्हताच. त्याच्याकडे माणसं आपणहून येतात एवढाच त्याचा अधिकार. आणि बाईंकडे कुणी येईना. भिंतीपलीकडे प्रयोगशाळा होती. तिथून हसण्याचे आवाज यायचे, आणि बाई खुर्ची मिळवूनही भिंतीला कान लावून बसायच्या. जिच्याकडून हिसकावून घेतलं तिचाच हेवा करायची पाळी यावी, याला काय म्हणावं? पण आली होती खरी.

धाकटी एकदा तरी चिडेल, भांडं आपटेल, फणकाऱ्यानं काही बोलेल, याची बाई वाट बघत होत्या. म्हणजे मग त्यांनाही चिडता आलं असतं. ती कसली चिडते? उलट एका संध्याकाळी ओट्यावर तिनंच विचारलं, "ताई, माझं काय कमी पडलं असेल हो? तुम्ही इतकी वर्षं बघताय."

हीच वेळ होती. बाईंनी नुसतं "काही नाही गं" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माणूस ज्याचा गुन्हा करतो त्याच्यातच दोष शोधत सुटतो. बाईंनी हात पुसले आणि सांगितलं. तू पोरांना फार डोक्यावर चढवतेस. अगं-तुगं काय करू देतेस? हसणं-खिदळणं आवर जरा, चार लोक मान देतील अशी वाग. बोलताना त्यांना इतकं बरं वाटत होतं की जीभ थांबेना. धाकटी मान हलवत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "कुणीतरी सांगायला हवंच होतं. बरं झालं तुम्ही सांगितलंत."

आणि तिनं ते सगळं केलं. सोमवारपासून काकूनं पोरांना 'तुम्ही' म्हणायला सांगितलं. नळ्या पोरांच्या हातात द्यायच्या थांबवून स्वतःच प्रयोग करून दाखवू लागली. पोरं हाताची घडी घालून बसायची. भिंतीपलीकडचं हसणं बंद झालं. त्या दिवशी बाई समाधानानं घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्या शांततेनं त्यांचं डोकं दुखायला लागलं. लेक रात्री जेवताना एकदम म्हणाली, "काकू आता आमच्याशी नीट बोलत नाही." आणि आईकडे बघितलं. बघितलं ते असं, की बाईंनी उचललेला घास परत ताटात ठेवला. चोराच्या मनात चांदणं. व्हरांड्यात दोघं कुजबुजताना दिसले तरी बाईंना वाटे, आपल्याबद्दलच. मग त्या स्वतःला समजावत: छे, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. आणि आपल्या शाळेतली पोरं नियम मोडत नाहीत.

पुढं एका शुक्रवारी सभा नेहमीसारखी तक्रारींनी सुरू झाली. त्या शाळेत एक तक्रार अशी असायची की जी आपण आपल्यावरच करायची, आणि शिक्षाही आपणच सुचवायची. ही चालही बाईंनीच पाडलेली. दुसऱ्यानं पकडण्याआधी स्वतः सांगावं, म्हणजे मन हलकं होतं, असं त्यांनी पोरांना शिकवलं होतं. लहान गटातली एक मुलगी बाकावर चढली. अंगानं बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत.

"माझी माझ्यावर तक्रार आहे," टाचणी म्हणाली.

"बोल," वकील म्हणाला.

"काकूच्या वेळी मत देताना मी डोळे उघडले होते."

"का?"

"बाई एवढे हात कसे मोजतात ते बघायचं होतं. माझं वीसच्या पुढं चुकतं." टाचणीनं फळ्याकडे बोट केलं. "पण बाई मोजतच नव्हत्या. फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणून मग मीच मोजायला लागले. वीसपर्यंत मोजले, मग भीती वाटली आणि डोळे मिटले. शिक्षा म्हणून मी आठवडाभर डोळे मिटून जेवीन."

एरवी या शिक्षेवर खोली हसून लोटपोट झाली असती. कुणी हसलं नाही. बाईंच्या कानशिलांपर्यंत ऊन चढावं तसं काहीतरी चढत गेलं. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. 'मी एका नजरेत मोजते गं, सवय असते,' एवढंच म्हणायचं होतं. टाचणी खाली बसली असती, सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, खुर्ची राहिली असती. बाईंनी श्वास घेतला.

तेवढ्यात भिंतीशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "माझीपण माझ्यावर तक्रार. आत दूध ठेवलेलं असतं, माझा एक डोळा कायम उघडाच असतो. मलाही दिसलं."

मग तो अपूर्णांकवाला मुलगा उठला. मग पहारेकरी. मग बाकाबाकावरून माणसं उठू लागली. मोठे सर काठी टेकत उभे राहिले आणि ओशाळून म्हणाले, "मी तर पहिल्या सभेपासून उघडतो, बाईंची नजर दुसरीकडच्या हातांवर असली की. मोह आवरत नाही." त्या दिवशी सगळ्या शाळेनं हात बघितले होते, बाईंची पाठ बघितली होती आणि फळाही वाचला होता. पण प्रत्येकाला वाटत होतं की चोर आपण एकटेच. मोजणी खोटी आहे म्हणायचं, तर आधी डोळे उघडल्याचं कबूल करायला लागणार. म्हणून सगळे गप्प बसले होते. मतदान गुप्त राहावं म्हणून बाईंनी केलेला नियम बाईंचं गुपित सांभाळत बसला होता.

वकील पुरता गोंधळला. "थांबा, थांबा. असं एकेक नको. ज्यांनी ज्यांनी डोळे उघडले होते त्यांनी हात वर करा." आणि मग, निव्वळ सवयीनं, "बाई, मोजा." म्हणाला आणि जीभ चावली.

बाई खडू घेऊन उठल्या. आता काय लपवायचं? त्या बाकांच्या रांगेतून चालत गेल्या आणि या वेळी खरोखर मोजू लागल्या, मोठ्यानं, एकेका हाताकडे बघत. लेकीजवळ आल्या. तिचाही हात वर होता, मान खाली, डोळ्यांतून पाणी. म्हणजे इतके दिवस पोरगी एका ताटात जेवत होती आणि आईचं खोटं पोटात घेऊन बसली होती. बाईंनी तिचा हात मोजला.

शेवटच्या बाकावर काकू होती. तिचा हात खाली होता.

सगळ्या शाळेत तिचा एकटीचा. ती भोवतालच्या हातांकडे बघत होती, आणि तिला आत्ता, या क्षणी कळत होतं. बाईंना ते तिच्या तोंडावर दिसलं. म्हणजे हिला काहीच ठाऊक नव्हतं. हिला खरंच वाटत होतं की आपण नकोय. टाळ्या वाजवल्या त्या खऱ्या, माझं काय कमी पडलं विचारलं तेही खरं, आणि मी सांगितलं तसं स्वतःला कापून लहान केलं तेही खरं. बाईंचा नियम पाळणारं सगळ्या शाळेत एकच माणूस होतं.

"मी डोळे मिटले होते, बाई," काकू म्हणाली. जसं काही तिचंच चुकलं होतं.

बाई तिथंच उभ्या राहिल्या. "माझी माझ्यावर तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "मी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती, इतके हात होते. मी खोटं लिहिलं. आणि नंतर हिला तिचेच दोष सांगितले, जे नव्हतेच."

"का?" वकिलानं विचारलं. त्या सभेत प्रत्येक तक्रारीवर 'का' विचारायची रीतच होती, ती काही बाईंसाठी बदलणार नव्हती.

बाईंकडे मोठी मोठी उत्तरं होती. शाळेचं भलं, शिस्त, अनुभव. त्यांतलं एकही तोंडातून निघेना. "माझा जळफळाट झाला," त्या म्हणाल्या. "ती जागा मला हवी होती. आणि माझं नाव कुणी घेतलं नाही."

"पण बाई," वकील म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं, "खडू तुमच्या हातात होता. आम्हाला वाटलं, तुम्हाला मोजायलाच आवडतं. तुम्ही ठेवला असतात, तर..."

पुढचं तो बोलला नाही. बाईंना ते ऐकायचं होतं, फार ऐकायचं होतं. पण वकिलानं मान खाली घातली, आणि तेवढी एक गोष्ट त्यांना कायमची न कळता राहिली.

"शिक्षा?" त्यानं विचारलं.

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. हात एकदम रिकामा, परका वाटला. खडू उचलायला कुणी पुढं येईना. शेवटी टाचणी बाकावरून उतरली. "मी मोजू? पण मला वीसपर्यंतच येतं."

"वीस-वीसचे गठ्ठे कर," बाई म्हणाल्या. "प्रत्येक गठ्ठ्याला फळ्यावर एक रेघ ओढ. चुकणार नाही."

टाचणी फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. बाई बसायला जागा शोधू लागल्या. सभेत त्या कधी बसल्याच नव्हत्या. लेक जराशी सरकली. वर बघितलं नाही, पण सरकली. बाई तिच्या शेजारी बसल्या.

"काकूंना मुख्य करावं असं ज्यांना वाटतं," वकील म्हणाला. "डोळे मिटा."

"बाई, तुम्हीपण," टाचणीनं फळ्याजवळून बजावलं.

बाईंनी डोळे मिटले. आपणच केलेल्या या अंधारात त्या पहिल्यांदाच शिरत होत्या. भोवती कपड्यांची सळसळ झाली, हात वर जात होते. आज कुणीही डोळे उघडणार नव्हतं. नुकतीच कबुली दिलेली माणसं पापण्या आवळून बसली होती. बाईंचा हात मांडीवर होता. त्यांना त्या शाळेत पहिल्यांदाच मत मिळालं होतं, आणि ते कुणाला दिसणार नव्हतं. मत्सर गेला म्हणावा, तर तो कुठं गेला होता? तिथंच होता, छातीत, होता तसाच. हात उचलायला गेल्या तर तो आधी त्याच्यावरच अडखळला. सगळी मतं मिळाली तरी तुमचं नसणारच ना, असं कुणीतरी भांडी घासता घासता म्हणालं होतं. तो टोमणा नव्हता, हे बाईंना आत्ता कळलं. त्यांनी हात वर केला.

पण जन्मभराची सवय, डोळे फार वेळ मिटून राहवेनात. त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि मान जराशी मागं वळवली.

शेवटच्या बाकावर काकू बसली होती. आजवर जिनं कधी नियम मोडला नव्हता तिचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. सगळ्या शाळेचे हात वर होते, आणि ती त्यातला एकच हात बघत होती.